हार काढला आणि मेसेज गेला: गाडीच्या ड्रायव्हर असिस्ट कॅमेऱ्याचे वॉर्निंग मेसेज घरच्या घरी कसे तपासायचे

गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली, बाबांनी नेहमीप्रमाणे मनगटाएवढा जाड झेंडूचा हार पुढच्या लोगोवरून सोडला, काचेवर वरच्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला आणि आम्ही सगळे चतुःशृंगीला निघालो. चार किलोमीटर गेलो नसू तोच टुंग असा आवाज आणि क्लस्टरवर, म्हणजे स्टिअरिंगमागच्या मीटरच्या स्क्रीनवर, पिवळ्या अक्षरात, ड्रायव्हर असिस्ट लिमिटेड, क्लीन सेन्सर. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "आज पूजा केली आणि आजच बिघडली?" गाडी बाजूला घेतली, हार सरकवून बॉनेटच्या कडेला बांधला, कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, गाडी बंद करून परत चालू केली, थोडं पुढे गेलो आणि मेसेज गायब. बाबांच्या मते तो योगायोग होता, हाराचा काही संबंध नाही.

तेव्हापासून नात्यात, ऑफिसात कोणीही एडासवाली, म्हणजे कॅमेरा-रडारने पुढचं बघून ब्रेक, लेन, अंतर यात चालवणाऱ्याला मदत करणारी गाडी घेतली की क्लस्टरचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो, हे काय आलंय बघ ना. मी मेकॅनिक नाही, पण माझ्या आणि इतरांच्या गाड्यांवर हे इतक्या वेळा निस्तरलंय की एकदा सगळं लिहून काढतो. बऱ्याचदा कॅमेरा बिघडलेला नसतो, तो फक्त सांगत असतो की मला दिसत नाहीये. आणि खरा बिघडलेला असतो तेव्हा कधीकधी तो काहीच सांगत नाही, त्या भागाकडे पुढे येतोच.

आधी थांबायचं का ते ठरवा

मेसेज पिवळा किंवा नारिंगी असेल, फक्त कॅमेरा, लेन किंवा रडारचं चित्र असेल, आणि ब्रेक-स्टिअरिंग नेहमीसारखं लागत असेल तर घाबरायचं काही नाही. गाडी तुमच्या आधीच्या गाडीसारखी झाली एवढंच समजा, म्हणजे स्वतः ब्रेक मारायचा, स्वतः अंतर ठेवायचं. ॲडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारा) लावून चालला असाल तर लगेच पाय पेडलवर घ्या, कारण कॅमेरा आंधळा झाला की क्रूझ बहुतेक सुटतो आणि गाडी हळू व्हायला लागते.

पण सोबत लाल रंगात ब्रेकचा दिवा आला, किंवा स्टिअरिंग अचानक जड झालं, तर हा लेख नंतर वाचा, आधी गाडी बाजूला लावा. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं), ईएससी (गाडी घसरू न देणारं), हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारं) आणि एडास असे चार-पाच पिवळे दिवे एकदम लागले तर ती कॅमेऱ्याची भानगड बहुतेक नसतेच, चाकाजवळचा स्पीड सेन्सर नाहीतर बॅटरी, त्याचं खाली सांगतो. अशा वेळी एबीएस चालत नाहीये असं धरून हळू चालवायचं आणि काच पुसत बसायचं नाही.

गाडी थांबल्यावर किंवा शेजारी बसलेल्याला सांगून मेसेजचा फोटो काढून ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण सर्व्हिस सेंटरला नेली की मेसेज हमखास गेलेला असतो आणि समोरचा म्हणतो सर आता तर काही दिसत नाहीये. फोटोसोबत चार गोष्टी मोबाइलमध्ये लिहा: किती वाजले होते, ऊन-पाऊस-धुकं काय होतं, सूर्य समोर होता का, गाडी चालू करून किती वेळ झाला होता. निम्मं निदान या चार ओळींतच होतं.

मेसेजचे शब्द नीट वाचा

प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे असतात पण अर्थ तीन-चारच निघतात.

ब्लॉक्ड, लिमिटेड, क्लीन विंडस्क्रीन, टेम्पररिली अनअव्हेलेबल असं काही असेल तर अर्थ, मला दिसत नाहीये. टेम्परेचर टू हाय असेल तर अर्थ, मी तापलोय, जरा थांबा. चेक सिस्टिम, मालफंक्शन, सर्व्हिस रिक्वायर्ड, कॉन्टॅक्ट डीलर असं असेल तर गाडीने आत कुठेतरी बिघाडाचा कोड साठवलाय आणि तो स्कॅनर लावूनच कळेल, तरी खालचं सगळं एकदा करून बघायला हरकत नाही.

आणि चौथा प्रकार म्हणजे जो मेसेजच नाही पण लोक घाबरतात, लेनचं चित्र हिरव्याचं करडं होणं. ही तक्रार नाही. गाडीला रस्त्यावरचे पांढरे पट्टे सापडत नाहीयेत, किंवा वेग कमी आहे (बऱ्याच गाड्यांत लेन असिस्ट, म्हणजे गाडीला पट्ट्यांच्या मधे ठेवणारी मदत, साधारण ६० किमीच्या वर गेल्यावरच जागं होतं), किंवा वळण फार तीव्र आहे. गावाकडच्या रस्त्यावर पट्टेच नसतात तर गाडी दाखवणार काय. माझा एक मेहुणा यासाठी दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आला.

कॅमेरा कुठे आहे ते एकदा बाहेरून बघा

आतल्या आरशाच्या पुढे, काचेला चिकटून काळा प्लॅस्टिकचा डबा असतो, त्यात कॅमेरा. बाहेर उभं राहून बघितलं की काचेच्या काळ्या पट्ट्यात एक छोटी समलंब चौकोनी खिडकी सोडलेली दिसते, खाली रुंद, वर अरुंद, तळहाताएवढीसुद्धा नाही. गाडीला पुढचं जे काही दिसतं ते एवढ्यातून. लेन, पुढची गाडी, चालणारा माणूस, वेगमर्यादेची पाटी, आपोआप अप्पर-डिप्पर होणारे दिवे, हे सगळं बहुतेक एकाच कॅमेऱ्यावर चालतं, म्हणून एक खिडकी घाण झाली की पाच मेसेज एका पाठोपाठ येतात आणि वाटतं गाडीचं सगळंच गेलं.

काही गाड्या फक्त कॅमेऱ्यावर चालतात, होंडाची सिटी आणि एलिव्हेट तशा आहेत. एक्सयूव्ही ७०० किंवा हॅरिअरसारख्या गाड्यांत कॅमेऱ्याच्या जोडीला पुढे रडार असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, कारण मेसेज नुसतं क्लीन सेन्सर म्हणतो आणि कोणता ते सांगत नाही. आणि रिव्हर्स घेताना स्क्रीनवर दिसतो तो किंवा ३६० वाला कॅमेरा हा वेगळा प्रकार आहे. त्याच्या लेन्सवर चिखल असेल तर ओल्या मऊ कापडाने पुसा, लेन्सच्या आतच पाणी शिरून धूसर झालं असेल तर पुसून उपयोग नाही, तो बदलावा लागतो. एवढं बोलून त्याला इथेच सोडू.

काच पुसणं, पण नीट

हसू नका. काच पुसली होती हो, असं सगळेच सांगतात.

बाहेरून सुरुवात करा. कोरड्या फडक्याने घासायचं नाही, धुळीने चरे पडतात आणि बरोबर त्या खिडकीवर चरा पडला तर तो कायमचा. आधी पाणी मारा, मग स्वच्छ मायक्रोफायबर. किडे चिकटले असतील तर ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून द्या, समृद्धीवरून रात्री आलात तर काच किड्यांनी भरते आणि ते वाळले की खरवडायचा मोह होतो, खरवडू नका. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, ते साध्या पाण्याने जात नाहीत, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाला लावून पुसा आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, रंगावर ओघळ जाऊ देऊ नका.

मग वायपर. वायपरचं रबर कडक झालं असेल तर पाणी जाण्याऐवजी धनुष्यासारखी एक रेघ काचेवर राहते, आणि ही रेघ बऱ्याच गाड्यांत कॅमेऱ्याच्या खिडकीवरूनच जाते. दिवसा आपल्याला काही वाटत नाही, रात्री समोरून दिवे आले की कॅमेऱ्याला त्या रेघेत सगळं फुटून दिसतं. मे महिन्याच्या शेवटी वायपर बदलून टाकायचे हा माझा नियम, उन्हाळ्यात रबर भाजून निघालेलं असतं. वॉशिंग सेंटरवाल्याला काचेवर वॅक्स मारू नको म्हणून आधीच सांगा.

आता आतली बाजू, आणि इथे मला स्वतःला दोन महिने लागले. मेसेज यायचा तो फक्त संध्याकाळी साडेपाच-सहाला, ऑफिसातून पश्चिमेकडे तोंड करून निघालो की. काच बाहेरून आरशासारखी. एका रात्री पार्किंगमध्ये सहज बाहेरून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला तर खिडकीत आतून तेलकट सायीसारखा थर, टॉर्च हलवला की त्यावर पाण्यात पेट्रोल सांडल्यासारखे रंग सरकत होते. डॅशबोर्डला जे चकचकीत पॉलिश मारतात ना, ते उन्हात तापून वाफेसारखं उडतं आणि काचेवर बसतं, वर नव्या गाडीच्या प्लॅस्टिकमधूनही तसंच काहीतरी येत राहतं. मावळतीचा सूर्य समोर आला की तो थर उजळायचा आणि कॅमेऱ्यासमोर पडदा पडायचा.

आतून पुसताना जेवढा हात पोचतो तेवढंच करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, ते कापडावर घ्या, काचेवर सरळ फवारू नका, डब्याच्या फटीतून आत गेलं तर खरंच कॅमेरा जाईल. डब्याच्या आतला जो भाग आहे तिथला थर असेल तर कव्हर उघडायचं नाही, पान्याने तर नाहीच, कॅमेरा एका ब्रॅकेटवर मोजून बसवलेला असतो आणि तो केसभर हलला तरी पुढचं सगळं गणित चुकतं. माझा थर निम्मा आतच होता. सर्व्हिस सेंटरला ते कव्हर काढून पुसून द्यायला पंधरा मिनिटं लागली. डॅशबोर्डला आता मी नुसतं ओलं फडकं मारतो.

काचेवर चिकटवलेल्या आणि डॅशबोर्डवर ठेवलेल्या गोष्टी

फास्टॅग. तो काचेवर चिकटवलेलाच हवा, हातात धरून दाखवला तर दुप्पट टोल घेण्याचे आदेश २०२४ मध्येच निघालेत आणि २०२५ पासून असा सुटा टॅग ब्लॅकलिस्टही होतो. चिकटवायचा आरशाच्या मागे मध्यभागी असं आपण ऐकलेलं असतं, आणि नेमका तिथेच आता कॅमेरा बसलाय. डिलिव्हरीच्या गडबडीत टॅग खिडकीला घासून लावलेला मी दोन गाड्यांत पाहिलाय. खिडकीपासून चार बोटं तरी बाजूला हवा, काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्याच्या खाली, आणि कॅमेऱ्याच्या नजरेसमोर तर अजिबात नको. मॅन्युअलमध्ये टॅगची जागा दाखवली असेल तर तीच पकडा. काढून परत लावू नका, फास्टॅग सोलला की फाटतो, नवा घ्यावा लागतो.

बाकी डॅशकॅम खिडकीच्या शेजारी असेल तर सरकवा, इंधनाचा रंगीत स्टिकर वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो तो असू दे, सोसायटीचा पार्किंग स्टिकर मात्र लोक कुठेही लावतात. पुढच्या काचेला फिल्म लावून घेतली असेल तर ती कॅमेऱ्यासमोरून गेलीये का बघा, पुढच्या काचेतून ७० टक्के उजेड आत आलाच पाहिजे हा नियम तसाही आहेच.

आणि डॅशबोर्डवरचा गणपती. कृपया कोणी रागावू नका, आमच्याही गाडीत आहे. पण मूर्तीची चौकट चकचकीत सोनेरी असेल, किंवा तुम्ही डॅशबोर्डवर टोलच्या पावत्या, पांढरा टॉवेल टाकत असाल, तर ऊन पडलं की त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि कॅमेऱ्याला रस्त्याच्या मधोमध पांढरं काहीतरी तरंगताना दिसतं. मूर्ती एका बाजूला, मॅट रंगाची, की प्रश्न मिटला.

ऊन, पाऊस, धुकं

उन्हात तापलेल्या गाडीत बसलात आणि पहिल्या मिनिटाला टेम्परेचर टू हाय आलं, तर काहीही बिघडलेलं नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उघड्यावर लावलेल्या गाडीत काचेला चिकटलेला डबा किती तापत असेल विचार करा. काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, एसी लावा, हवेची दिशा काचेकडे करा, दहा-पंधरा मिनिटांत मेसेज जातो. गाडी लावताना तोंड उन्हाच्या उलट्या बाजूला करा. इथे एक उलटं प्रकरण आहे जे मला मॅन्युअल वाचेपर्यंत माहीत नव्हतं, काचेला लावतो तो चंदेरी सनशेड कॅमेऱ्याचा डबा झाकेल असा लावायचा नाही. आपल्याला वाटतं सावली होईल, पण उष्णता त्या डब्यापाशीच कोंडते. सनशेड थोडा खाली लावा किंवा तेवढा भाग कापा.

पावसाळ्यात दोन वेगळी धुकी असतात आणि उपाय उलटे असतात. काचेला हात लावून बघा. दव आतून असेल तर एसी चालू ठेवून डिफॉगर, बाहेरची हवा आत घेण्याचं बटण, झालं. दव बाहेरून असेल, कोकणात जून-जुलैत हमखास, तर कारण हे की तुम्ही एसीने काच गार केलीत आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बसली. तेव्हा एसी आणखी वाढवला तर अजून धुरकट होतं. तापमान दोन-चार अंशांनी वाढवा, हवा काचेवरून काढून पायाकडे करा, वायपर एकदा फिरवा. ताम्हिणीत आणि आंबोलीत मी हे इतक्या वेळा केलंय की आता हात आपोआप जातो.

खरं धुकं किंवा धो-धो पाऊस असेल तर मात्र काही करायचं नाही. तुम्हाला पन्नास फुटांपुढचं दिसत नाहीये तर कॅमेऱ्याला काय दिसणार, तोही काचेतूनच बघतो. एडास बंद समजून चालवायचं. पाऊस थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवूनही मेसेज राहिला तरच पुढचं.

रडारवाल्या गाड्यांसाठी

रडार पुढच्या लोगोच्या मागे नाहीतर बंपरच्या खालच्या जाळीत असतं आणि मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत ब्लाइंड स्पॉटवाली असतात. साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतात, प्लॅस्टिकमधून आरपार जातात, पण धातू आणि पाणी यांच्यापुढे त्यांचं चालत नाही. ओल्या झेंडूचा हार म्हणजे पाण्याची भिंतच. शेतातून आलेला चिखल, वरून लावलेला क्रोमचा लोगो, लोखंडी क्रॅश गार्ड, हे सगळे त्यातलेच. क्रॅश गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, तरी लोक नव्या गाडीला पहिल्या आठवड्यात बसवतात आणि मग मेसेज आला की कंपनीला शिव्या.

बंपर कधी ठोकून दुरुस्त केलाय का हेही आठवा. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पुट्टीचा जाड थर भरून वर रंग मारला असेल तर बाहेरून बंपर नवा दिसतो पण रडारला तो जाड होतो. अशा वेळी मेसेज पेंटिंगनंतर लगेच किंवा आठवड्याभरात सुरू होतो, तारीख जुळवून बघा.

बॅटरी आणि चाकं

मेसेज सकाळी पहिल्या स्टार्टला येतो, पाच मिनिटांत जातो आणि दिवसभर परत येत नाही असं असेल तर मी आधी बॅटरी बघतो. गाडी आठवडाभर उभी, त्यात डॅशकॅमचा पार्किंग मोड रात्रभर चालू, मग स्टार्ट करताना व्होल्टेज पडतं आणि हे सगळे छोटे कॉम्प्युटर एकमेकांना सापडत नाहीत. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून देतात, दहा मिनिटांचं काम. रिसेट व्हावं म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच, नव्या गाडीत तो ऐकू नका. त्याऐवजी गाडी बंद करा, दार उघडून बाहेर या, लॉक करा, चावी लांब ठेवा, पंधरा मिनिटं चहा प्या, मग चालू करा. बरेच अर्धवट अडकलेले मेसेज यानेच जातात.

टायरमधली हवा चारही चाकांत दाराच्या खांबावर लिहिल्याप्रमाणे भरा. पंक्चर झाल्यावर लहान स्टेपनी लावली असेल तर मेसेज येऊ शकतो, चाक परत बदललं की जातो. आणि ओझं. मे महिन्यात रत्नागिरीहून येताना आमच्या डिकीत आंब्याच्या पेट्या, मागे तीन माणसं, गाडी मागून इतकी बसली होती की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. कॅमेरा पण तसाच वर बघायला लागला आणि लेन असिस्ट सारखं ये-जा करत होतं. पेट्या उतरल्या, सगळं जागेवर.

काच बदललीत? मग हा भाग नीट वाचा

दोन वर्षांपूर्वी खंबाटकीच्या अलीकडे एका डंपरच्या चाकातून खडा उडाला आणि पुढच्या काचेला टिचकी बसली, घरी येईपर्यंत तिची वीतभर रेघ झाली. ओळखीच्या एका काचवाल्याकडून काच बदलून घेतली. मी विचारलं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर परत मोजून जुळवणं, लागेल ना, तो म्हणाला, "साहेब, दिवा लागला का? नाही ना? मग कसलं कॅलिब्रेशन." मलाही ते पटलं, कारण खरंच एकही मेसेज नव्हता.

तीन आठवडे गाडी शहरातच होती. मग हायवेला लागलो आणि लेन असिस्ट लावलं तर गाडी मधोमध चालण्याऐवजी हळूहळू डावीकडच्या पट्ट्याला चिकटायची, मी सरळ करायचो, ती परत तिकडे. क्लस्टरवर सगळं हिरवं. तेव्हा पोटात गोळा आला. कॅमेऱ्याला वाटत होतं आपण बरोबर आहोत.

गणित सोपं आहे. कॅमेरा फक्त एक अंश वाकडा बसला तर ५० मीटरवर चूक होते साधारण ८७ सेंटिमीटर, १०० मीटरवर पावणेदोन मीटर. आपली लेन साडेतीन मीटरची. म्हणजे शंभर मीटर पुढची शेजारच्या लेनमधली मोटरसायकल गाडीला तुमच्या लेनमध्ये वाटू शकते, किंवा उलट.

म्हणून काच बदलताना पुढची यादी मोबाइलमध्ये ठेवा. एकाच मॉडेलची काच दोन प्रकारची मिळते, कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटवाली आणि खालच्या व्हेरिअंटची बिनब्रॅकेटची, तुमच्या व्हेरिअंटचीच हवी, जुना ब्रॅकेट उपटून नव्या काचेवर चिकटवून देतो म्हणणाऱ्याकडून निघून या. गम सुकायला सांगितला तेवढा वेळ द्या, कॅलिब्रेशन त्यानंतर. कॅलिब्रेशन दोन प्रकारचं असतं: एकात सपाट जमिनीवर गाडीपुढे मोजून ठरलेल्या अंतरावर नक्षीचा बोर्ड ठेवतात आणि स्कॅनरने कॅमेऱ्याला शिकवतात, दुसऱ्यात स्कॅनर जोडून चांगले पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवतात, काही गाड्यांना दोन्ही लागतात. त्याआधी टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी. व्हील अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचं मोठं काम झालं, पुढून ठोकर बसली, किंवा कोणी तो डबा काढून लावला, तरी कॅलिब्रेशन लागतं का ते विचारायचंच.

इन्शुरन्समधून काच घेणार असाल तर एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची वेगळी ओळ लिहून घ्या, नंतर मागितलं की इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर नाही म्हणतो. काचेवर घसारा कापत नाहीत, ते शून्य असतं, पण सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये ही जातेच, आणि क्लेम केला की एनसीबीला (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीला) धक्का लागतो का ते आपल्या पॉलिसीत आधी बघा, कधीकधी खिशातून भरणं स्वस्त पडतं.

एवढं करूनही मेसेज गेला नाही तर

आता सर्व्हिस सेंटर. ऑनलाइन मिळणारं पाचशे-हजारचं ब्लूटूथ स्कॅनर माझ्याकडेही आहे, पण ते बहुतेक इंजिनचेच कोड वाचतं, पी ने सुरू होणारे. एडासचे कोड साधारण सी, बी किंवा यू ने सुरू होतात आणि त्यासाठी कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. यू चा कोड म्हणजे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीयेत, तिथे कॅमेरा बदलण्याआधी कनेक्टर, फ्यूज, वायरिंग आणि बॅटरी बघायला सांगा. उंदराने वायर कुरतडलेली निघाली असं आमच्या सोसायटीतच झालंय, आणि त्याला आधी कॅमेऱ्याचं एस्टिमेट मिळालं होतं.

काउंटरवर मेसेज येतो बघा एवढं बोलून चावी देऊ नका. फोटो दाखवा, त्या चार ओळी दाखवा, आणि जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना येतो, काच तीन आठवड्यांपूर्वी बदलली, असं. तीन गोष्टी मागा: कोड उडवण्याआधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो, गाडीसाठी काही सॉफ्टवेअर अपडेट आलंय का ते, आणि कॅलिब्रेशन केलं तर त्याचा रिपोर्ट. नुसता कोड उडवून दिला तर मेसेज दोन दिवसांनी परत येतो आणि तुमची चक्कर वाया.

गाडी ताब्यात घेताना सर्व्हिसवाल्याला शेजारी बसवून चांगले पट्टे असलेल्या मोकळ्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर चालवा. लेनची दोन्ही चित्रं एकदम हिरवी होतात का, सरळ रस्त्यावर गाडी मधोमध राहते का की एका बाजूला ओढते, वेगमर्यादेची पाटी ओळखते का, समोर गाडी आली की तिचं चित्र वेळेवर उमटतं का. ब्रेक आपोआप लागतो का हे पुठ्ठ्याचं खोकं समोर ठेवून किंवा दुसऱ्याच्या गाडीवर नेऊन तपासायचं नाही, व्हिडिओत काहीही दाखवोत. एका बाजूला ओढत असेल तर तिथूनच यू टर्न घ्या आणि गाडी परत आत लावा, सही करू नका.